लिंक पाठवली म्हणजे वर्ग उघडला असं नाही

अपंग विद्यार्थ्यांच्या पत्रकारिता शिक्षणाचा विषय निघाला की दोन ठरलेली उत्तरं ऐकू येतात. पहिलं उदार माणसाचं: आता सगळं ऑनलाइन झालंय, घरबसल्या शिकता येतं, मग अडचण कुठे उरली? दुसरं मुरलेल्या बातमीदाराचं: बातमी पायांनी आणि डोळ्यांनी मिळते, ज्याच्याकडे ते नाहीत त्याला खोटी आशा का दाखवायची? एकाची कणव, दुसऱ्याचा कणखरपणा. आणि दोघंही ज्या अभ्यासक्रमाबद्दल बोलत असतात त्याची एक फाइलसुद्धा त्यांनी उघडून तपासलेली नसते. माझं म्हणणं असं, की हा वाद चुकीच्या जागी चालला आहे. तपासायची आहे ती अभ्यासक्रमाची बांधणी, आणि आपण तपासत बसलोय माणसाची कुवत. पत्रकारितेचे निकष तसूभरही खाली आणू नयेत. पण धडा, सराव, परीक्षा आणि शेवटी बातमी भरायची ती संगणकप्रणाली, ही साखळी पहिल्या फाइलपासून सुगम, म्हणजे अपंगांनाही वापरता येईल अशी, नसेल तर 'ऑनलाइन' या शब्दाने फक्त वर्गाचा पत्ता कळतो, आत जाता येत नाही.

अपंग की दिव्यांग यावर इथे शाई खर्च करत नाही. सरकारी कागदांवर 'दिव्यांग' आहे, चळवळीतल्या अनेकांना त्यातलं दिव्यत्व पटत नाही. मी 'अपंग' लिहितो, कारण प्रश्न हक्काचा आणि साधनांचा आहे. पत्रकारितेच्या वर्गात मात्र या शब्दांवर एक पूर्ण तास द्यायला हवा. त्याबद्दल पुढे.

आधी उदार माणसाचा युक्तिवाद पाहू, कारण तोच जास्त फसवा आहे. एक चाचणी करा. अभ्यासक्रमाची कुठलीही टिपणं घ्या, जुनी प्रश्नपत्रिका घ्या, त्यातला मजकूर निवडून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी अक्षरं उमटली तर ठीक. काहीच निवडता आलं नाही तर ती फाइल म्हणजे नुसतं छायाचित्र. आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी उमटली तर मजकूर जुन्या फॉन्टातला. मराठी छपाईच्या जगात ही तिसरी गत फार मोठी आहे, कारण युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणारी पद्धत, आल्यावरही कितीतरी वर्षं डीटीपीचं काम श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टांतच होत राहिलं. या फॉन्टांत संगणकाच्या लेखी अक्षर इंग्रजीच असतं, वर फक्त देवनागरीचा मुखवटा असतो. कृतिदेवमध्ये 'मराठी' हा शब्द ई, जे, के, कॅपिटल बी, एच अशा पाच इंग्रजी अक्षरांत साठवला जातो. डोळ्यांना मराठी दिसतं, स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर, मात्र साठवलेलं तेवढंच वाचतो. म्हणजे 'अग्रलेख कसा लिहावा' हे प्रकरण उघडल्यावर अंध विद्यार्थ्याच्या कानावर इंग्रजी अक्षरांचा निरर्थक पाढा पडतो, आणि शिक्षकाला वाटतं, आपण तर 'सॉफ्ट कॉपी' दिली होती.

रूपांतरक वापरला की काम झालं, असंही नाही. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते. रफार जुन्या फॉन्टात अक्षरानंतर येतो, युनिकोडमध्ये त्याचा 'र्' आधी यावा लागतो. रूपांतर नेमकं या दोन जागी फसतं, आणि 'ऱ्या', 'ऱ्ह' यांच्या जोडणीतही. म्हणून रूपांतरित मजकूर एकदा स्क्रीन रीडरवर ऐकूनच तपासावा लागतो. वाचायची सवय झालेला डोळा मोडलेली जोडाक्षरं बिनदिक्कत गिळतो. छायाचित्र असलेल्या कागदांची तऱ्हा वेगळी. ते ३०० डीपीआयला स्कॅन करून ओसीआरमधून, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, काढता येतात, पण वर्तमानपत्राचं कात्रण असेल तर दोन स्तंभांच्या ओळी एकमेकींत घुसतात. पत्रकारितेचा इतिहास आपण १८३२ च्या 'दर्पण'पासून शिकवतो. त्यात इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत छापलेला असे. बाळशास्त्री जांभेकरांनी दोन वेगळ्या वाचकांसाठी एकाच पानावर केलेली ती सोय आज ओसीआरमधून काढायला गेलं की दोन्ही भाषांचा काला होतो. असं पान हाताने, स्तंभागणिक, वेगळं करूनच द्यावं लागतं.

मग येते पानाची भाषा. संकेतस्थळाच्या कोडमध्ये 'हे पान मराठी आहे' अशी नोंद करावी लागते. ती नसली, किंवा तिथे इंग्रजी वा हिंदी लिहिलेलं असलं, तर वाचणारा आवाज त्या भाषेचे उच्चार लावतो. हिंदी आवाजात 'चाळ'मधला दंत्य च तालव्य होतो आणि ळ चा ल होण्याची शक्यता असते. अर्थ लागतो, पण जो विद्यार्थी उद्या आकाशवाणीवर वृत्तनिवेदन करू पाहतोय त्याच्या कानात रोज चुकीची मराठी ओतली जाते. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर २००६ पासून मोफत आहे, त्यात मराठी आवाजही आहे, थोडा यांत्रिक असला तरी. म्हणजे विद्यार्थ्याच्या बाजूचा खर्च शून्यावर आला आहे. उरलेलं काम संस्थेच्या बाजूचं, आणि तेच अडलेलं.

थेट वर्गात तर आणखी तऱ्हा. झूमवर शिक्षक पडदा दाखवतो तेव्हा समोर जातं ते चित्र. स्क्रीन रीडरला त्यातलं अक्षरही मिळत नाही. 'इथे बघा, हा इंट्रो कसा फसलाय' हे वाक्य अंध विद्यार्थ्यासाठी पोकळ आहे. उपाय फुकटचा: स्लाइडचा मजकूर आदल्या दिवशी वर्डमध्ये, शीर्षकांना शीर्षकाचीच शैली लावून पाठवायचा, आणि वर्गात 'इथे' ऐवजी 'दुसऱ्या परिच्छेदाच्या पहिल्या वाक्यात' असं म्हणायचं. चॅटमध्ये वीस जणांनी 'गुड मॉर्निंग सर' टाकलं की स्क्रीन रीडर ते वीसही नमस्कार शिक्षकाच्या आवाजावर आवाज करून वाचतो. म्हणून चॅट बंद ठेवावं किंवा एका सहायकाने प्रश्न तेवढे वाचून दाखवावेत. परीक्षेत 'योग्य शब्द ओढून रिकाम्या जागी सोडा' छाप प्रश्न माऊसशिवाय सुटत नाहीत. २०२३ साली आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ या संकेतस्थळांच्या सुगमतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांत ओढण्याला पर्याय द्यावा असं स्पष्ट कलम आहे. आणि नजर कुठे वळते यावरून कॉपी पकडणारं सॉफ्टवेअर? अंध विद्यार्थ्याची, किंवा ज्याच्या बुबुळांची हालचाल अनैच्छिक आहे त्याची नजर कुठे 'वळायला' हवी होती, हे कुणी सांगेल काय?

कर्णबधिर विद्यार्थ्यांच्या बाबतीत गोष्ट आणखी खोल जाते, कारण तिथे अडचण फाइलची कमी आणि भाषेची जास्त आहे. भारतीय सांकेतिक भाषा म्हणजे हातांनी केलेली मराठी नव्हे. तिचं व्याकरण स्वतंत्र आहे. ज्याची पहिली भाषा ती आहे त्याच्यासाठी लिखित मराठी ही दुसरी भाषा ठरते, आणि आपण त्याची बातमी विभक्तिप्रत्ययांच्या चुकांसाठी लाल करतो. तपासताना दोन वेगळे गुण हवेत: एक वृत्तमूल्य, मांडणी, पडताळणी यांचा, दुसरा भाषेचा. भाषेत सूट नाही, पण भाषेच्या अपयशाने वृत्तबुद्धीचं अपयश ठरवू नये. वर्गासाठी एक दुभाषक पुरत नाही, दोन लागतात, आणि ते साधारण वीस मिनिटांनी आलटून पालटून काम करतात. तासभर सलग हात चालवले की अर्थ निसटू लागतो. रेकॉर्डिंगमध्ये एक हमखास घोळ होतो. जो बोलतो त्याचीच चौकट मोठी होईल अशी मांडणी ठेवली की दुभाषक, जो कधी 'बोलत'च नाही, चित्रफितीतून गायब होतो. त्याची चौकट कायम राहील असं आधी ठरवावं लागतं, किंवा ती वेगळी चित्रित करावी लागते. स्वयंचलित मराठी उपशीर्षकं उपयोगी आहेत, पण विशेषनामांवर ती अडखळतात; आणि ज्या व्यवसायात नाव चुकलं की दुसऱ्या दिवशी खुलासा छापावा लागतो, त्याचा धडाच चुकीच्या नावांनी द्यायचा? एका तासाच्या व्याख्यानाचं शब्दांकन हाताने करायला चार-पाच तास सहज जातात. तो वेळ वेळापत्रकात आधीच धरावा लागतो.

अपंगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकारचं अपंगत्व नोंदलं आहे आणि त्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आहे. विदर्भातल्या आदिवासी भागांत हा आजार नवा नाही. सिकलसेलच्या विद्यार्थ्याला रॅम्प नको आणि ब्रेलही नको. त्याला वेदनेचा झटका येऊन गेलेल्या आठवड्याची हजेरी माफ व्हायला हवी आणि तो वर्ग नंतर ऐकता यायला हवा. तोही मोबाइलच्या डेटावर. एक तासाचं व्याख्यान ३२ केबीपीएसच्या एकेरी ध्वनीत साठवलं तर साडेचौदा एमबीच्या आत बसतं, दृश्यफीत त्याच्या कितीतरी पट जाते. म्हणून प्रवेशअर्जात 'अपंगत्वाची टक्केवारी' विचारण्याआधी 'शिकायला काय लागेल?' हा रकाना हवा. टक्केवारी आरक्षणासाठी लागते, वर्ग चालवायला तिचा उपयोग शून्य.

आता मुरलेल्या बातमीदाराकडे वळू. त्याचा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दंगलीत, पुरात, कोसळलेल्या इमारतीपाशी दिसतं ते टिपणं हा या धंद्याचा गाभा आहे, आणि पूर्ण अंध बातमीदाराला ते एकट्याने टिपता येणार नाही. गोड बोलून हे लपवण्यात अर्थ नाही. पण एकट्याने टिपतं कोण? वाहिनीचा वार्ताहर कॅमेरामनच्या डोळ्यांवर विसंबतो, शहर बातमीदार पोलिसांच्या पंचनाम्यावर. जुलै २०२४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या बटलर इथे ट्रम्प यांच्या सभेत गोळीबार झाला. हल्लेखोराला छपरावर चढलेलं पाहिलं असं सांगणाऱ्या प्रत्यक्षदर्शीची मुलाखत त्या दिवशी जगभर दाखवली गेली. ती घेणारे बीबीसीचे गॅरी ओ'डोनोह्यू लहानपणापासून अंध आहेत. ती बातमी पाहण्यातून आली नाही. गर्दीतल्या योग्य माणसाला गाठून योग्य प्रश्न विचारण्यातून आली. बीबीसीचेच सुरक्षाविषयक वार्ताहर फ्रँक गार्डनर २००४ साली रियाधमध्ये गोळ्या लागून जायबंदी झाले. त्यानंतरही ते तेच काम करत राहिले, चाकाच्या खुर्चीतून.

मागे गेलं तर उदाहरणं आणखी बोलकी आहेत. इंग्रज लेखिका हॅरिएट मार्टिनोला तरुणपणापासून ऐकू येत नसे. कानाला कर्णा लावून ती लोकांशी बोले, आणि १८५२ पासून लंडनच्या 'डेली न्यूज'साठी तिने शेकड्यांनी अग्रलेख लिहिले. अमेरिकी वृत्तपत्रमालक जोसेफ पुलित्झरची दृष्टी १८९० च्या सुमारास जवळजवळ गेली, पण १९११ मध्ये मरेपर्यंत तो 'न्यूयॉर्क वर्ल्ड'वर हुकमत गाजवत होता, सचिवांकडून रोज अंक वाचून घेत आणि फर्मानं सांगत. १९१२ साली कोलंबिया विद्यापीठात पत्रकारितेचं महाविद्यालय सुरू झालं ते त्याच्याच देणगीतून. म्हणजे अंधांना पत्रकारिता जमेल का, हा प्रश्न जगातल्या एका नामवंत पत्रकारिता महाविद्यालयाच्या पायातच मिटला आहे! पुलित्झरकडे सचिवांची फौज ठेवण्याइतका पैसा होता, लातूरच्या एखाद्या अंध मुलीकडे नसतो, हा फरक खरा. तिच्याकडे मोफत स्क्रीन रीडर आहे. त्याला वाचता येतील अशा फाइली मात्र तिला कुणी देत नाही.

'पण लिहून दुसरा देणार, मग बातमी कुणाची?' हाही आक्षेप निघतो. मोबाइल येण्याआधी तालुक्याचा बातमीदार ट्रंक कॉल लावून बातमी सांगायचा आणि मुंबई-पुण्याच्या कचेरीत कुणीतरी ती उतरवून घ्यायचं. त्याने स्वतः टाइप केली नाही म्हणून ती बातमी त्याची नव्हे, असं कुणी म्हटलं का? सेरेब्रल पाल्सी असलेला विद्यार्थी मराठी व्हॉइस टायपिंगने बातमी सांगतो तेव्हा तो त्या परंपरेतलाच असतो. फक्त त्याला दोन गोष्टी शिकवाव्या लागतात: विरामचिन्हं बहुधा हाताने घालावी लागतात, आणि प्रत्येक विशेषनाम वेगळं तपासावं लागतं.

सर्वांत सबळ आक्षेप मात्र वेळेचा आहे, आणि तो मी मान्य करतो. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे परीक्षेत तासामागे किमान वीस मिनिटं जादा मिळतात. पहिली आवृत्ती सुटताना कुणी वीस मिनिटं देत नाही. अभ्यासक्रमाने हे झाकलं तर तो विद्यार्थ्याची फसवणूक करतो. म्हणून माझ्या मते दोन परीक्षा असाव्यात. ज्ञानाच्या परीक्षेत जादा वेळ, निःसंकोच. डेडलाइनच्या सरावात मात्र घड्याळ सगळ्यांना एकच. पण प्रत्येकाने स्वतःच्या साधनांवर, स्वतःच्या कळफलकावर, महिनोन् महिने हात बसवल्यानंतर. इन्स्क्रिप्ट या देवनागरी कळफलकावर सरावलेला अंध टंकलेखक आणि सराईत कानाने वेगात ऐकणारा उपसंपादक हळू असतो हा समज कॉपी तपासायला बसवून पाहिल्याशिवाय धरून ठेवू नये. उशीर होतो तो बहुतेक वेळा माणसाकडून होत नाही, बटणांना नावं नसलेल्या पडद्याकडून होतो.

हीच या सगळ्या वादातली न बोलली जाणारी बाजू: अपंगांसाठी वाचायची सोय होते, लिहायची होत नाही. पॅरिसच्या अंधशाळेत ब्रेलच्या आधी पुस्तकं होती. उठावाच्या रोमन अक्षरांची, डोळस शिक्षकांनाही वाचता येतील अशी. ती बोटांनी सावकाश वाचता यायची, पण तशी अक्षरं अंध मुलाला स्वतः लिहिता येत नसत. लुई ब्रेलने १८२९ मध्ये ठिपक्यांची लिपी छापली तेव्हा पहिल्यांदा वाचणारा लिहिणाराही झाला. तरीही १८४० च्या दशकात शाळेच्या संचालकाने तिच्यावर बंदी घातली, कारण ती डोळसांपेक्षा वेगळी होती. मुलं ती चोरून वापरत राहिली, आणि तिला अधिकृत मान्यता मिळाली १८५४ मध्ये, ब्रेलच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. आजची माध्यमं त्या उठावाच्या अक्षरांपाशी अडली आहेत. बातमी 'ऐका' असं बटण संकेतस्थळावर येतं, ब्रेलमध्येही वाचायला मिळतं. मराठीत स्वागत थोरात यांनी २००८ साली 'स्पर्शज्ञान' हे ब्रेल पाक्षिक सुरू केलं, ते मोलाचंच आहे. पण बातमी लिहून ती वृत्तकक्षाच्या प्रणालीत भरायची वेळ आली की दार बंद. स्क्रीन रीडर म्हणतो 'बटण, बटण, बटण'. छायाचित्र ओढून टाकल्याशिवाय बातमी पुढे सरकत नाही. 'प्रकाशित करा'वर फक्त माऊसच पोचतो. २०१८ मध्ये वर्डप्रेस या संकेतस्थळं चालवण्याच्या प्रणालीने मजकूर लिहायचा नवा 'ब्लॉक एडिटर' आणला तेव्हा त्याच्या सुगमतेचं काम पाहणाऱ्या गटाच्या प्रमुखांनी राजीनामा दिला होता. जगातल्या असंख्य संकेतस्थळांचं जे साधन, त्याची ही कथा, तर घरगुती बनावटीच्या प्रणालींचं काय सांगावं!

म्हणून प्रशिक्षण प्रमाणपत्रापाशी थांबता कामा नये. शेवटचा महिना कुठल्या तरी खऱ्या वृत्तकक्षाच्या खऱ्या प्रणालीवर व्हावा, आणि विद्यार्थी जिथे अडतो त्याची यादी त्या संस्थेच्या संगणक विभागाला जावी. कुठली कामं आज पूर्ण जमतात, तेही स्पष्ट सांगावं. ध्वनिसंपादन जमतं: रीपर आणि त्याला जोडलेलं ओसारा हे मोफत विस्तारसाधन यांच्यावर अंध संपादक कळफलकानेच काम करतात, साध्या कामाला ऑडॅसिटी पुरतं. पठाणकोटहून २०१४ मध्ये सुरू झालेला रेडिओ उडान हे ऑनलाइन केंद्र दृष्टिहीन मंडळीच चालवतात. वर्डमध्ये बदल नोंदवत कॉपी सुधारणं जमतं. तक्त्यांची पत्रकारिता जमते, फक्त एकमेकांत जोडलेल्या चौकटी सोडवून तक्ता सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल, करून घ्यावा लागतो. इनडिझाइनमध्ये पान लावणं स्क्रीन रीडरवर जमत नाही. तिथे आशा दाखवू नये. निवडणूक प्रतिज्ञापत्रांसारखे स्कॅन केलेले, अनेकदा हस्तलिखित कागद एकट्याने वाचणं अवघड आहे, आणि फोटोचं वर्णन करणारी एआय ॲप्स चुकतात. यावर नियम पत्रकारितेचाच जुना: एका स्रोतावर छापायचं नाही. ॲपने सांगितलेलं वर्णन दुसऱ्या माणसाकडून तपासल्याशिवाय बातमीत जाणार नाही. हा नियम डोळस विद्यार्थ्यांनाही शिकवला तर बिघडणार नाही.

खर्चाचा मुद्दा खरा आहे, पण सरसकट खरा नाही. युनिकोड, शीर्षकांच्या शैली, आधी पाठवलेली टिपणं, बोलताना वर्णन: यांना पैसे लागत नाहीत, शिस्त लागते. पैसे लागतात ते दुभाषकांना आणि शब्दांकनाला, आणि प्रशिक्षित दुभाषकांचा तुटवडा मोठा आहे. चार संस्थांनी मिळून पायाभूत व्याख्यानं एकदाच नीट चित्रित करून ठेवली तर थेट तासांपुरतेच दुभाषक लागतील. प्रत्येकाने आपापली अर्धवट मालिका करण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. 'एका ओळीचं कोड टाका, संकेतस्थळ आपोआप सुगम होईल' असं विकणाऱ्यांच्या नादी मात्र लागू नये. अशाच दाव्यांबद्दल २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ॲक्सेसीबी या कंपनीला दहा लाख डॉलर भरायला लावले. आणि हा सगळा ऐच्छिक परोपकार आहे असंही कुणी समजू नये. २०१६ च्या कायद्याचं कलम ४२ माध्यमांतली सामग्री सुगम स्वरूपात असावी असं सांगतं, आणि एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुगमता जगण्याच्या हक्कात, म्हणजे अनुच्छेद २१ मध्ये धरली आहे.

राहिला प्रश्न वेगळ्या वर्गाचा. 'अपंगांसाठी खास ऑनलाइन पत्रकारिता' या कल्पनेमागे सदिच्छा असते, आणि तिच्या बाजूने एक चांगलं कारणही आहे: स्क्रीन रीडर, इन्स्क्रिप्ट, ध्वनिसंपादन हे हातात बसल्याशिवाय सर्वांच्या वर्गात टाकलं तर विद्यार्थी पहिल्या आठवड्यात बुडतो. त्यासाठी सहा आठवड्यांची वेगळी पूर्वतयारी जरूर ठेवावी, शक्यतो ती साधनं स्वतः वापरणाऱ्या शिक्षकाकडून. त्यापुढे वर्ग एकच. वेगळ्या वर्गातून बाहेर पडलेल्याला वृत्तकक्ष एकच बीट, म्हणजे बातमीचा विषय, देतो. त्याला ३ डिसेंबरला, जागतिक अपंग दिनाला फोन येतो, ४ जानेवारीला ब्रेल दिनाला येतो, मधले दिवस शांत. बायकांना अशाच काळजीपोटी वर्षानुवर्षं पुरवण्यांत बसवलं, रात्रपाळी आणि गुन्हेवार्ता त्यांना झेपणार नाही म्हणून. ती काळजी कुणाच्या सोयीची होती? १८८० मध्ये मिलानला बधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली, प्रतिनिधी जवळजवळ सगळे ऐकू येणारे, आणि त्यांनी शाळांतून सांकेतिक भाषा हद्दपार करण्याचा ठराव केला. त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त व्हायला २०१० उजाडावं लागलं. आपल्या अभ्यासमंडळांवर आज किती अपंग पत्रकार बसतात?

एकत्र वर्गाचा फायदा डोळस, धडधाकट विद्यार्थ्यांनाही आहे, आणि तो शब्दांच्या तासाला कळतो. 'अपंगत्वावर मात करून दहावीत यश' हा मथळा आपण डोळे मिटून लावतो. 'प्रशासन आंधळं आणि बहिरं', 'सरकारला धोरणलकवा', अग्रलेखाच्या शेवटी 'आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं'. शेजारच्या चौकटीत अंध सहाध्यायी बसलेली असताना हा मथळा मोठ्याने वाचायला सांगा. मनाई करायची गरज पडत नाही. वाचणाराच अडखळतो आणि दुसरा शब्द शोधतो. १९२० साली 'मूकनायक' काढताना डॉ. आंबेडकरांची तक्रार हीच होती, की प्रचलित पत्रांत बहिष्कृतांच्या प्रश्नांना जागा नाही. आपल्याविषयी दुसऱ्यांनी लिहावं अशी याचना करण्याऐवजी त्यांनी स्वतःचं पत्र काढलं.

ज्या संस्थांना पुढच्या सत्रात असा अभ्यासक्रम जाहीर करायचा आहे त्यांनी जाहिरातीआधी एक तास काढावा. संगणकाचा माऊस काढून ठेवायचा, एनव्हीडीए सुरू करायचा, पडदा बंद करायचा आणि फक्त टॅबच्या कळीने आपल्याच प्रवेशअर्जापासून फीच्या पावतीपर्यंत जाऊन पाहायचं. चित्रातली अक्षरं ओळखायला लावणारा कॅप्चा शेवटी भेटतोच, पण पहिला अडथळा सहसा त्याच्या बराच आधी असतो: जन्मतारीख निवडायचं कॅलेंडर, जे माऊसने टिचकी मारल्याशिवाय उघडत नाही.